संध्याकाळी बँक घरी येऊ नये म्हणून

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या, १० ला उघडल्या, आणि तिथून ३० डिसेंबरपर्यंत मी मिरजेच्या आमच्या शाखेत कॅश काउंटरवर बसून होते. त्या गर्दीत एकदा माझ्या कॅशमध्ये दोन हजार कमी आले. नव्या करकरीत नोटा होत्या, दोन एकमेकींना चिकटून गेल्या असणार. पैसे मी पदरचे भरले. नंतर कितीतरी महिने एक गोष्ट घडत होती, ती मला माहीतच नव्हती. ह्यांनी सांगितली तेव्हा कळली. झोपेत माझा उजवा अंगठा हलायचा. तर्जनीवर, एकसारखा, गड्डी मोजल्यासारखा.

म्हणजे सांगलीला घरी येत होतं ते फक्त अंग. मन मिरजेतच, काचेच्या मागे. काम संपल्यावर मनालाही घरी कसं आणायचं, ते मला जमलं तसं इथे सांगते.

आधी मी जे केलं ते बहुतेक जण करतात. आल्यावर पलंगावर आडवी झाले, टीव्ही लावला, फोन चाळत बसले. अंग विसावायचं, डोकं तेवढंच फिरत राहायचं. उलट रिकामं मिळालं की जास्तच फिरायचं. म्हणून विश्रांतीकडे मी शेवटी येणार आहे. आधी दिवस बंद कसा करायचा ते सांगते, कारण माझ्या अनुभवात सगळं तिथेच अडतं.

शाखेत घड्याळात साडेपाच वाजले म्हणून दिवस संपत नाही. कॅश मोजायची, किती नोटा कुठल्या ते लिहायचं, पुस्तकाशी जुळवायचं. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक माझी, एक अधिकाऱ्याची. दोघं उभे राहिल्याशिवाय ती बंदही होत नाही आणि उघडतही नाही. मग सिस्टीममध्ये डे-एंड. तो झाल्याशिवाय पुढची तारीख उघडत नाही. आणि कॅश जुळलीच नाही तर? रात्रभर कोणी बसत नाही. फरक लिहिला जातो. कमी असेल तर कमी म्हणून, जास्त असेल तर तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून. फरकासकट दिवस बंद होतो. हे मी वर्षानुवर्षं नोटांच्या बाबतीत करत आले, आणि डोक्यातल्या कामाच्या बाबतीत मात्र सगळं जुळेपर्यंत उठायचं नाही असा हट्ट धरून बसले होते.

तर पहिली गोष्ट ही करा. निघण्याआधीची दहा मिनिटं राखून ठेवा. खुर्चीत बसूनच, कामाच्या जागीच. घरी येऊन नाही. एक साधी वही घ्या. तीत झालेल्या कामांचा हिशेब लिहू नका. राहिलेलं लिहा, आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असू द्या: काय राहिलं, पुढची पहिली हालचाल कोणती, ती कधी करणार. ‘पेन्शनचं बघणे’ असं लिहिलंत तर उपयोग नाही, ते रात्री पुन्हा उठून बसेल. ‘निवृत्त मास्तरांचा हयातीचा दाखला सिस्टीममध्ये दिसत नाही, सकाळी साडेदहाला पेन्शन विभागाला फोन’ असं लिहा. ज्याची तुम्हाला भीती वाटते तेही लिहा. माझ्या वहीत एकदा ‘साहेब दुपारी तुटक बोलले, उद्या चहाच्या वेळी विचारणार’ अशी ओळ आहे.

हे माझ्या हाताला आधी सुचलं, त्यामागचं कारण नंतर भाचीने सांगितलं. ती मानसशास्त्र शिकते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत झोपवून एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं अर्ध्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, अर्ध्यांनी करून झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जितकं बारकाईने लिहिलं तितकी लवकर. प्रयोग लहान आहे, पण माझ्या वहीशी तो जुळतो.

वही मिटली की ती ड्रॉवरमध्ये ठेवा आणि ड्रॉवरला कुलूप लावा. वही घरी आणू नका. मी किल्ली फिरवते तेव्हा हळू आवाजात तारीख म्हणते. सुरुवातीला शेजारच्या काउंटरवरची मुलगी बघायची. आता तीही म्हणते.

मग रस्ता. मिरज-सांगली रस्त्यावर मी स्कूटरने येते. गाडी सुरू करण्याआधी स्टँडवरच पाच-सहा श्वास घेते. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं, एवढंच त्यातलं तंत्र आहे. आणि एक हद्द ठरवून घेतली आहे: वानलेसवाडी. तिच्या अलीकडे बँकेचा विचार आला तर येऊ देते, भांडायचं असेल तर मनात भांडूनही घेते. वानलेसवाडी मागे पडली की विषय बंद. तुमचा पूल असेल, फाटक असेल, लोकलमधलं एखादं स्टेशन असेल. रोजची तीच जागा असली पाहिजे, रोज बदलली तर मन ती मानत नाही. मला ही सवय लागायला दोन महिने लागले. एका आठवड्यात होत नाही म्हणून सोडू नका.

ज्यांना रस्ताच नाही त्यांचं अवघड असतं. माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरूनच काम करतो. पलंगापासून टेबलापर्यंत चार पावलं. ‘आई, माझी वानलेसवाडी कुठे?’ असं त्याने मला फोनवर विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, तू रस्ता तयार कर. आता काम संपलं की तो लॅपटॉप बॅगेत घालतो, चेन लावतो, बॅग कपाटात ठेवतो. चप्पल घालून खाली उतरतो, सोसायटीला दोन फेऱ्या मारतो आणि बेल वाजवून घरात येतो. बेल वाजवणं त्याच्या बायकोला आधी विचित्र वाटलं. पण दार उघडल्यावर समोर उभा असतो तो घरी आलेला माणूस असतो.

घरात शिरल्यावर आमच्या आजीचा नियम होता, हातपाय धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मी तो पाळते. नोटांचा काळा मळ बोटांच्या पेरांत बसलेला असतो, तो साबणाने दोनदा धुवावा लागतो. त्या वेळी मी पाण्याकडे बघते. मग साडी बदलते. बँकेची पर्स दाराजवळच्या खुंटीला राहते, आतल्या खोलीत येत नाही.

आता मुख्य अडचण, आणि ती बायकांना जास्त कळेल. बाहेरचं काम संपतं तिथे आमचं दुसरं काम सुरू होतं. आल्या आल्या कुकर, डबा घासणं, उद्याची भाजी. एका कामातून थेट दुसऱ्या कामात उडी मारली की पहिलं डोक्यातून उतरायला फटच मिळत नाही. मी हे घरात स्पष्ट बोलले. रागाने नाही, रविवारी सकाळी, चहा घेताना, सगळे शांत असताना. मला आल्यावर वीस मिनिटं हवीत, मागच्या पडवीत, कोणी काही विचारायचं नाही, असं सांगितलं. सासूबाई आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘आम्हाला कोणी दिली नाहीत गं वीस मिनिटं.’ त्यात तक्रार होती आणि परवानगीही. कुकर हे लावतात. भाकरी मी करते, आणि ती मी कोणाला देणार नाही. ज्वारीचं पीठ परातीत थापताना भाकरी फिरते की नाही, कड चिरते का, एवढ्याकडेच लक्ष असतं. नजर हलली की भाकरी मोडते.

ऑफिसमधलं घरी बोलूच नये, असं काही जण सांगतात. मला पटत नाही. न बोललेलं आत सडतं. पण वेळ बांधा. आम्ही जेवणाआधी पंधरा मिनिटं ठेवली आहेत, आधी मी, मग हे. ऐकणाऱ्याने उपाय सांगायचा नाही. जेवायला बसल्यावर पुन्हा तो विषय नाही.

फोनचं थोडक्यात सांगते. शाखेचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी संध्याकाळी सातला मूक करते. मॅनेजर साहेबांना आधी जाऊन सांगितलं: तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. दोन वर्षांत तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा तो खरंच तातडीचा होता. न सांगता मूक केलंत तर ‘काही आलं असेल का’ ही टोचणी राहते, म्हणून सांगणं महत्त्वाचं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही. तोवर हे प्रत्येकाला आपापल्या साहेबाशी बोलून मिळवावं लागणार आहे, आणि ज्याची नोकरी कच्ची आहे त्याला ते किती कठीण आहे हे मला समजतं. निदान अर्ध्या तासापासून सुरुवात करून बघा.

चहा साडेसहानंतर नको. त्यातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं.

आता विश्रांती. झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामाचा शीण कशाने उतरतो याचे चार भाग मांडले: कामापासून मनाने सुटणं, शांत पडणं, काही नवं शिकत हात बसवणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. मी वर्षानुवर्षं फक्त दुसऱ्याच्या मागे होते. मला तिसऱ्याने सोडवलं.

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे बनतात. पंढरपूर भागातले मोठे भोपळे वाळवून त्यांचे तुंबे करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, म्हणजे तंबोऱ्याला, भौगोलिक मानांकनही मिळालं. इतकी वर्षं मी तिथून जेवणाच्या सुट्टीत चालत गेले आणि कधी आत डोकावले नाही. आत्याचा एक जुना तंबोरा माळ्यावर होता, तो दुरुस्त करून घेतला. गाणं मला येत नाही. मी तंबोरा फक्त लावते. चार तारा: पहिली पंचमाची म्हणजे ‘प’ची, मधली जोडी षड्जाची म्हणजे ‘सा’ची, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या ‘सा’ची. खुंटीने ढोबळ सूर आणायचा, मण्याने बारीक. मग घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथे, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवत राहायचं, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलेपर्यंत. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की सुरात एक लाट ऐकू येते, ती मंदावत जाते आणि दोन्ही एक झाल्या की थांबते. त्या लाटेकडे कान असताना दुसरा विचार शिरायला जागाच राहत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे, कॅश आठवली की लाट हरवते.

तुम्ही तंबोराच घ्या असं नाही. पण निवडताना एवढं बघा: हात आणि कान, किंवा हात आणि डोळे, दोन्ही गुंतले पाहिजेत, चूक लगेच कळली पाहिजे, आणि ते कामाशी नातं नसलेलं हवं. दिवसभर आकड्यांत बसणाऱ्याने सुडोकू घेऊ नये. विणकाम, कुंडीतली माती, पेटी, कॅरम, पोहणं, काहीही. रोज वीस मिनिटं पुरतात.

रात्री तरीही विचार आला तर पलंगाजवळ कागद-पेन्सिल ठेवा, अंधारातच एक ओळ खरडा आणि सकाळी तो कागद ड्रॉवरमधल्या वहीला जोडा.

मार्चअखेर मात्र यातलं काही जमत नाही. शेवटचे पंधरा दिवस आम्ही रात्री उशिरापर्यंत शाखेत असतो. त्या दिवसांत मी दोनच गोष्टी धरते, निघण्याआधीची वही आणि घरी आल्यावर गरम पाण्याने पाय धुणं. बाकीचं सोडून देते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँक ग्राहकांना बंद असते. त्या दिवशी आम्ही जरा लवकर निघतो. पंधरा दिवस हात न लागल्याने तंबोऱ्याच्या चारही तारा उतरलेल्या असतात आणि तो लावायला एरवीच्या वीस मिनिटांऐवजी पाऊण तास लागतो. सासूबाई पडवीत येऊन बसतात आणि खर्ज लागला की मान हलवतात.