सी अर्चिनचं अंडं: शुक्राणू भिडल्यानंतरचा पहिला तास

सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्याचं फलन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा हा प्रयोग कोल्हापुरात फसतो तो सहसा दोनच ठिकाणी: घाटात आणि सिंकपाशी. घाटात प्राणी तापतात, आणि सिंकपाशी कोणीतरी पिपेट नळाखाली विसळून ओलीच वापरतं. गोड्या पाण्यात अंडी फुगून फुटतात.

रत्नागिरीकडून आंबा घाटाने येताना अर्चिन पाण्याच्या बादलीत आणू नयेत, त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या सुती कापडात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवावेत. बर्फाची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवावी. वितळलेलं पाणी प्राण्यांवर टपकलं तर सगळी खटपट वाया. सोबत 10 लिटर समुद्राचं पाणी आणून फिल्टर पेपरमधून गाळून घ्यावं. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काही उचलायचं नाही, इतरत्रही आधी परवानगी घ्यायची. चार-पाच प्राणी पुरे होतात.

अंडी-शुक्राणू बाहेर काढायला 3.73 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून, सुई कवचाच्या भिंतीकडे तिरकी धरून, एकूण 1 मिली टोचा. अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. प्राणी हलकेच हलवा. जननग्रंथींचे स्नायू आकसतात आणि वरच्या पाच छिद्रांतून स्राव येतो. दुधासारखा पांढरा असेल तर नर; पिवळसर, केशरी आणि दाणेदार असेल तर मादी. मादी समुद्रपाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर पालथी ठेवा, अंडी तळाशी बसतात. नराचा स्राव मात्र पाणी न लागू देता कोरड्या पिपेटने उचलून बर्फावरच्या कुपीत ठेवा. प्रत्येक प्राण्याला नवी सुई वापरा आणि मध्ये हात धुवा, कारण शुक्राणूंचा एक थेंब चुकून पडला तरी बीकरभर अंडी तुमच्या घड्याळाआधीच फलित होतात.

अंडी समुद्रपाण्यात तीनदा निथळून धुवा. एक थेंब तपासा: गोल, सारखी, छोटं स्वच्छ केंद्रक असलेली अंडी हवीत. केंद्रक मोठं बुडबुड्यासारखं दिसलं तर अंडी कच्ची आहेत. उन्हाळ्यात बीकर माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवून 25 अंशांच्या आसपास राखा. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावा, नाहीतर अंडी चिरडतात. कोरड्या हवेत स्लाइडवरचं पाणी आटून खारटपणा वाढतो आणि अंडी आक्रसतात. स्लाइड दर काही मिनिटांनी बदला.

शुक्राणूंचा एक थेंब 10 मिली समुद्रपाण्यात मिसळा आणि लगेच वापरा. वीसेक मिनिटांत त्यांचा जोर ओसरतो. तळाशी अंड्यांचा एकेरी थर असलेल्या 10 मिली पाण्यात यातले दोन-तीन थेंब टाका, घड्याळ सुरू करा. जास्त टाकू नका. एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरले तर पहिल्याच विभाजनात तीन-चार पेशी दिसतात.

पहिल्या काही सेकंदांत सोडियम आत येऊन अंड्याच्या पटलाचा विद्युतदाब साधारण −70 वरून +20 मिलिव्होल्टपर्यंत चढतो. दुसऱ्या शुक्राणूला हा तात्पुरता अडसर. हे डोळ्यांना दिसत नाही. मग शुक्राणू भिडला त्या जागेपासून कॅल्शियमची लाट उठते आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास अंडं ओलांडते. हे कॅल्शियम अंड्यातल्याच साठ्यातलं असतं. लाट जाईल तिथल्या पृष्ठकणिका (पटलाखालच्या बारीक पिशव्या) फुटतात, त्यांतली प्रथिनं बाहेर पडतात, पाणी ओढलं जातं आणि पारदर्शक फलन-आवरण उठतं. एका बाजूने सुरू होऊन पलीकडे सरकताना ते पाहणं हा या प्रयोगातला सर्वांत सुंदर क्षण आहे. त्या वेळी नोंदी करू नका, फक्त पाहा. मागोमाग अंडं हायड्रोजन पेरॉक्साईड तयार करतं आणि कणिकांतलं पेरॉक्सिडेज हे विकर ते वापरून आवरणातल्या प्रथिनांमधले टायरोसिन (एक अमिनो आम्ल) एकमेकांना जोडतं. आवरण कडक होतं ते यामुळे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी 1908 मध्ये फलनानंतर ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो हे मोजलं होतं; त्या वाढीचा मोठा भाग इथे खर्च होतो.

तिसऱ्या मिनिटाला 100 अंडी मोजा. 90 पेक्षा कमी अंड्यांवर आवरण असेल तर ती तुकडी टाकून द्या, पुढचे आकडे विश्वासाचे नसतील.

पुढचा बदल pH मीटरवर सापडतो. अंडं सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकतं. आतला pH सुमारे 6.9 वरून 7.3 कडे जातो आणि बाहेरचं पाणी किंचित आम्ल होतं. 5 टक्के अंडी असलेलं दाट मिश्रण हलकेच ढवळत ठेवा, दर 15 सेकंदांनी वाचन घ्या. शुक्राणूही पाण्यात पडताच आम्ल सोडतात, म्हणून फक्त शुक्राणू टाकलेला दुसरा बीकर हवाच. तो विसरला तर आलेख निरुपयोगी.

pH चढला की आईकडून साठवलेल्या एमआरएनएवरून (प्रथिनांचा आराखडा असलेल्या रेणूंवरून) प्रथिनं बनू लागतात, मग डीएनएची प्रत तयार होते. उबदार पाण्यातल्या जातींत साधारण तासाभरात पहिलं विभाजन दिसतं, थंड पाण्यातल्यांत दीड तास किंवा जास्त.

कॅल्शियम आणि pH यांची कामं वेगळी आहेत हे पाहायचं असेल तर फलन न झालेली अंडी अमोनियाच्या पाण्यात ठेवा: 100 मिली समुद्रपाण्यात 53.5 मिलिग्रॅम अमोनियम क्लोराईड, pH 9 च्या जवळ आणलेला. अमोनिया आत शिरून pH चढवतो आणि प्रथिननिर्मिती वाढते, पण पृष्ठकणिका फुटत नाहीत. म्हणून ही अंडी सूक्ष्मदर्शकाखाली आवरणाशिवाय, जशीच्या तशी दिसतात.