थेरपिस्ट खलनायक असलेली थ्रिलर: नाशिकच्या फ्लॅटमध्ये, कमी पैशात

अशा फिल्ममध्ये प्रेक्षक घाबरतो तो खोलीचे नियम एकेक करून मोडताना पाहून. म्हणून पटकथेत आधी नियम पक्के दाखवा: ५० मिनिटांचं सेशन, ठरलेली फी, ठरलेली खुर्ची. मग दुसऱ्या सेशनला फी माफ, चौथ्याला वेळ रात्री साडेआठची, सहाव्याला "हे घरी बोलू नकोस". मारहाण लागतही नाही.

सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देतो, ही चूक पटकथांमध्ये फार होते. तो अधिकार सायकिअ‍ॅट्रिस्टचा, म्हणजे डॉक्टरचा. तुमच्या पात्राने चिठ्ठी न लिहिता पुडीतून गोळ्या दिल्या, तर तीच पुडी पुढे पुरावा ठरते. वळण फुकटात मिळालं!

गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे फ्लॅट बघताना रस्त्याच्या मागची बाजू घ्या आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या. खोली किमान १२ बाय १६ फूट हवी. १० बाय १० मध्ये कॅमेरा भिंतीला टेकतो, वाइड लेन्स लावावी लागते आणि चेहरे ताणलेले दिसतात. थेरपिस्टची खुर्ची दाराच्या वाटेत ठेवा. दोन खुर्च्यांतलं अंतर पहिल्या सेशनला ६ फूट, मध्यावर ४, शेवटी अडीच. लेन्सही त्याच क्रमाने ३५, ५०, ८५ मिमी. तिन्ही जागा जमिनीवर वेगवेगळ्या रंगाच्या टेपने आखा आणि एक सेशन दोन्ही बाजूंनी शूट करून संपल्याशिवाय खुर्ची हलवू नका, नाहीतर एडिटला अंतर जुळत नाही.

आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. १/६० ठेवलं की स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकतात.

सगळी फिल्म संवादावर उभी, त्यामुळे पंखा आणि फ्रीज बंद. गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत शूट लावा. एप्रिलमध्ये पंख्याविना मेकअप टिकत नाही. फ्रेमबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगा. कॅमेऱ्याच्या प्रत्येक सेटअपला एक मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी न बोलता खोलीचा नुसता आवाज, रेकॉर्ड करून घ्या.

राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेले नट नाशकात भेटतात, पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय क्लोजअपमध्ये नडते. खलनायकाने रुग्णापेक्षा हळू बोलायचं. अंगाला हात लागणारा सीन असेल तर हात कुठे, किती वेळ, हे आधी कागदावर ठरवा, थांबण्याचा एक शब्द ठरवा, आयत्या वेळी काहीही वाढवू नका. सेटवर गरजेपुरतीच माणसं. त्या दिवशी त्या सीनमधल्या नटीचा दुसरा जड सीन लावू नका.