माशांच्या खाद्यात स्पिरुलिना घालताय? या चुका टाळा

स्पिरुलिना म्हणजे वाळवलेल्या निळ्या-हिरव्या शैवालाची पूड. तिच्या पाकिटावर प्रथिनं ६० टक्के, चांगल्या फिशमीलच्या (सुक्या माशांच्या पुडीच्या) पोत्यावरही जवळपास तेवढीच. मग ‘किलोला किलो’ बदलून टाकलं जातं, आणि गणित इथेच फसतं. ५ किलो फिशमीलच्या जागी ५ किलो स्पिरुलिना घातली, तर प्रथिनांतली दोन गरजेची अमिनो आम्लं कमी पडतात: लायसिन साधारण ९० ग्रॅम आणि मेथिओनिन ३०-३५ ग्रॅम. फिशमीलमधल्या काट्या-हाडांतून येणारा फॉस्फरसही जातो, त्याकडे तर कुणी बघतच नाही. तिलापिया नेहमीसारखा खातो, पण वजन धरत नाही. हेच लांबलं की कणा वाकडा असलेले मासे दिसू लागतात.

म्हणून १०० किलो खाद्यात २० किलो फिशमील असेल, तर त्यातलं ५ किलोच बदला. सोबत ११५ ग्रॅम लायसिन एचसीएल, ३५ ग्रॅम डीएल-मेथिओनिन आणि सुमारे ४०० ग्रॅम मोनोकॅल्शियम फॉस्फेट घाला. सोयापेंड जास्त असेल तर मेथिओनिन वाढवावं लागतं, कारण सोयाही त्यातच कमी. किमतीमुळेही याच्या पुढे जाणं क्वचितच परवडतं. मत्स्यबीज (माशांची पिल्लं) आणि शोभिवंत मासे सोडून.

क्लोरेला या दुसऱ्या हिरव्या शैवालाचं दुखणं वेगळं. तिची पेशीभित्ती कडक असते, न फोडलेली पूड माशाच्या पोटातून बरीचशी तशीच बाहेर पडते. विष्ठा हिरवीगार दिसली तर आधी हाच संशय घ्या. विकत घेतानाच पेशी फोडलेली आहे ना, विचारा.

जिताड्याला नुसती स्पिरुलिना चालत नाही. त्याला लागणारं डीएचए (एक ओमेगा-३ मेदाम्ल) तिच्यात नसतं. माशाचं तेल ठेवा किंवा डीएचए देणारा शायझोकायट्रियम हा सूक्ष्मजीव वापरा. पंगसमध्ये तर मांसावर पिवळसर छटा येते आणि भाव पडतो. शोभेच्या कोई माशांत मात्र याच रंगद्रव्यांनी रंग खुलतो.

टाकीचं पाणी खाद्य टाकताच हिरवं होतंय? पूड गोळीत बांधली गेलेली नाही. २ टक्के गवार गम मिसळा. १० गोळ्या ग्लासभर पाण्यात टाका. २० मिनिटं तरी फुटता कामा नयेत.

ठाण्याच्या पावसाळ्यात घरी काढलेल्या गोळ्या नुसत्या वाऱ्यावर सुकत नाहीत. आत ओल राहते, बुरशी येते, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका वाढतो. पातळ पसरून गरम हवेवर सुकवा, ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणा, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा.

आणि ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावाच्या पाण्यावरचा हिरवा तवंग ‘फुकटचं शैवाल’ म्हणून गोळा करू नका. त्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शैवाल असू शकतं. कारखान्यांच्या पट्ट्यालगतच्या खाडीतलंही नको. शैवाल जड धातू शोषून घेतं.

बदल करण्याआधी दोन सारख्या टाक्या निवडा: एकीत जुनं खाद्य, दुसरीत नवं. दर १५ दिवसांनी ३० मासे तोला. सहा आठवड्यांनी दिलेल्या खाद्याला वाढलेल्या वजनाने भागा. नव्या टाकीचा आकडा मोठा आला, तर स्पिरुलिना कमी करा.