कोकणात राहून अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचे उत्पन्न टिकवायचे कसे?

आपल्या लेखातील लिंकवरून कोणी वस्तू घेतली की विक्रेत्याकडून कमिशन मिळवायचे, हे अ‍ॅफिलिएट मार्केटिंग. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतील आपल्या अ‍ॅफिलिएट कार्यक्रमात फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरील कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले, आणि तेवढ्याच विक्रीवर मिळणारी रक्कम एका निर्णयाने निम्म्याहून कमी झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून ज्याला हा व्यवसाय वर्षानुवर्षे चालवायचा आहे, त्याने दर आपल्या हाती नाहीत हे गृहीत धरूनच आखणी करावी. आपल्या हाती असतो तो वाचकाचा विश्वास आणि त्याच्या अडचणीची नेमकी जाण.

म्हणून विषय निवडताना कमिशनचा आकडा सर्वात शेवटी पाहावा. मोबाइल आणि इअरफोन यांवर देशभर लिहिले जाते. तिथे मराठीतील नव्या पानाला जागा मिळणे कठीण आहे. याउलट आंब्याच्या बागेतील बेणणीसाठी, म्हणजे गवत काढण्यासाठी, कोणता ग्रास कटर घ्यावा, या प्रश्नाचे चांगले उत्तर मराठीत सहजी सापडत नाही. कातळावरच्या बागेत लोखंडी पाते दगडावर आपटून लवकर बोथट होते, त्यामुळे तिथे नायलॉनची दोरी सोयीची पडते. पण तीच दोरी लहान कलमाच्या खोडाला लागली तर साल सोलली जाते, म्हणून बुंध्यालगतचे गवत हातानेच काढावे लागते. एवढा तपशील वापरणाऱ्यालाच ठाऊक असतो. स्वतः यंत्र वापरलेले नसेल तर वापरणाऱ्या बागायतदाराकडे जाऊन, ते चालताना पाहून मगच लिहावे.

जिथे कमिशन मिळणार नाही, तिथेही योग्य वस्तूच सुचवावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन’ झेल्याने (झेला म्हणजे फळे उतरवण्याची जाळीची काठी) आंबा देठासकट उतरतो, त्यामुळे चीक फळावर ओघळून डाग पडत नाहीत. हा झेला जवळच्या दुकानात मिळत असेल, तर ऑनलाइन मिळणाऱ्या साध्या झेल्याची लिंक देण्याऐवजी सरळ तसे लिहावे. असा सल्ला मिळालेला वाचक पुढच्या खरेदीच्या वेळी पुन्हा आपल्याकडे येतो, असे माझे ठाम मत आहे.

लेखांचे वेळापत्रक बागेच्या कामांप्रमाणे लावावे. पाऊस ओसरला की ग्रास कटर, मोहोराच्या दिवसांत फवारणी पंप, मार्चपासून झेले आणि क्रेट अशी मागणी सरकत जाते. नवे पान इंटरनेटवरील शोधात वर यायला वेळ लागत असल्याने ग्रास कटरचा लेख आषाढातच प्रसिद्ध केलेला बरा.

कुकीची, म्हणजे वाचक आपल्या लिंकवरून आला याची ब्राउझरमध्ये राहणाऱ्या नोंदीची, मुदत हा इथला खरा अडथळा आहे. अ‍ॅमेझॉनवर लिंक उघडल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये पडली नाही, तर सहसा कमिशन मिळत नाही. आणि हजारो रुपयांचे यंत्र घेणारा बागायतदार तर शेजाऱ्याला विचारून, दुकानात हाताळून, आठवड्याभराने निर्णय घेतो. त्यामुळे मोठ्या यंत्रांसाठी चिपळूण किंवा कुडाळ येथील एखाद्या विक्रेत्याशी थेट बोलून आपल्या नावाचा कूपन कोड ठरवून घ्यावा आणि कमिशनचा दर लेखी घ्यावा. कोड किती दिवसांनी वापरला याने मग फरक पडत नाही. दोरीची रिळे, हातमोजे, संरक्षक चष्मा अशा चटकन घेतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी ऑनलाइन लिंक पुरेशी आहे.

वाचकांची ई-मेल यादी पहिल्या दिवसापासून जमवावी, कारण समाजमाध्यमावरील अनुयायी त्या कंपनीच्या मर्जीवर असतात. काही कार्यक्रमांना ई-मेलमध्ये थेट अ‍ॅफिलिएट लिंक चालत नाही; तेव्हा पत्रात आपल्या लेखाचाच दुवा द्यावा.

‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते’ हे वाक्य लेखाच्या आरंभीच, ठळक आणि मराठीत असावे. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची आणि केंद्र सरकारची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे असा आर्थिक संबंध स्पष्टपणे उघड करण्यास सांगतात.

दरवर्षी पावसाळ्यात सर्व जुने लेख उघडून प्रत्येक लिंक तपासावी आणि बदललेली माहिती सुधारावी. एखादे मॉडेल बाजारातून गेले तरी त्याचे पान काढू नये. ते यंत्र ज्यांच्याकडे आहे, ते पुढेही सुटे भाग शोधत येतात. त्यांच्यासाठी कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग आणि दोरीचे हेड कोणते बसते याची माहिती त्याच पत्त्यावर वाढवत न्यावी.