दाराच्या फटीपासून सुरुवात: कुत्रा आणि मांजर एका घरात कसे रुळवावे

आमच्याकडे ढब्बू आधीपासून होता. सोसायटीच्या पार्किंगमधून उचललेला गावठी कुत्रा, वय चार. मागच्या पावसाळ्यात मनी आली, गाडीच्या बॉनेटखालून काढलेलं मुठीएवढं पिल्लू. शेजारच्या काकांनी लगेच सांगितलं, "सोडा हो दोघांना एकत्र. एकदा भांडतील, मग होते सवय." मी सोडलं. ढब्बूने खेळायला म्हणून उडी मारली आणि मनी जी फ्रिजमागे गेली ती रात्रीपर्यंत तिथेच. पुढचे तीन आठवडे ते पाच सेकंद निस्तरण्यात गेले. तुम्ही तो घोळ करू नका.

पहिली पायरी: खोली वाटून द्या

नवा प्राणी घरात आणताना आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. लसी आणि जंताचं औषध याबद्दल तेव्हाच विचारा. मग त्याला दार बंद होणारी एक खोली द्या. वन बीएचके असेल तर बेडरूम जाईल, इलाज नाही. खोलीत पाणी, खाणं, त्यापासून लांब लिटरचा ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी वाळू भरलेला), लपायला एखादं खोकं आणि चढायला उंच जागा हवी. कपाटावरची बॅग काढून तिथे जुनी चादर टाकली तरी पुरतं. खिडकीला जाळी आहे ना, तेवढं बघा. घाबरलेलं मांजर बाहेर उडी टाकू शकतं.

मांजर आधीपासून असेल आणि कुत्रा नवा येणार असेल तर उलट करा. एका खोलीत कुत्रा राहील, मांजराचं घर मांजराकडेच राहू द्या.

दुसरी पायरी: आधी वास, मग तोंडओळख

या टप्प्यात घाई करायचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण बाहेरून बघता काहीच घडत नसतं. जुनं फडकं मांजराच्या गालांवरून हळूच फिरवा आणि कुत्र्याच्या ताटलीखाली घाला. कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मांजराच्या खोलीत ठेवा. कुत्रा हुंगून निघून गेला तर उत्तम. फडकं दातात धरून झटकायला लागला तर मुक्काम अजून इथेच आहे असं समजा.

मग दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या. ताटल्या आधी दारापासून लांब ठेवा, दोघंही निवांत खात असतील तरच दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे सरकवा. आमच्याकडे मनी दारापासून हातभर अंतरावर येऊन अडली, खायचीच नाही. ताटली मागे घेतली, चार दिवस तिथेच ठेवली. आठव्या दिवशी सकाळी ढब्बू दाराखालच्या फटीला नाक लावून फुसफुसत होता आणि आतून एक पांढरा पंजा बाहेर येऊन त्या नाकावर टेकला. नखं आत होती. पुढची पायरी घ्यायची ती अशी खूण मिळाल्यावर.

तिसरी पायरी: जाळीतून बघू द्या

जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर ते वापरा, नाहीतर लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावा. कुत्र्याला आधी लांब फिरवून आणा, पट्टा हातात ठेवा. भेट दोन-तीन मिनिटांची, बस्स.

इथे नजर कुत्र्यावर ठेवायची. भुंकण्यापेक्षा तो गोठला तर जास्त सावध व्हा: अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर मांजरावर खिळलेली, हाक मारली तरी कान हलत नाही. तसं दिसलं की शांतपणे अंतर वाढवा. मांजराकडे बघून तो आपणहून तुमच्याकडे वळला की त्या क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. मांजर दिसलं की मालकाकडे बघायचं, म्हणजे खाऊ मिळतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं आहे.

बिचाऱ्यांची भाषाही वेगळी. कुत्रा मोकळेपणाने शेपूट हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो. मांजर शेपूट सपासप आपटतं तेव्हा वैतागलेलं असतं. मांजर फिस्कारलं म्हणून त्याला रागावू नका. ते "लांब राहा" असं नीट शब्दांत सांगतंय. ती सूचना बंद पाडलीत तर पुढे थेट नखं येतील.

चौथी पायरी: एका खोलीत

कुत्रा पट्ट्यावर, मांजर मोकळं. मांजराला कडेवर घेऊन कुत्र्याच्या नाकाशी नेऊ नका. ओरबाडले जाल तुम्हीच. ते पळालं की कुत्रा मागे लागणार, म्हणून पट्टा घट्ट धरा. पाठलाग एकदा जमला की त्याची चटक लागते. बरेच दिवस काहीच घडलं नाही की पट्टा हातातून सोडून नुसता जमिनीवर लोळता ठेवा. घरात कोणी नसताना मात्र महिनाभर तरी वेगळंच ठेवा.

सगळ्या जोड्या जमत नाहीत. कारवानी, पश्मी अशा पळणाऱ्या सशाच्या मागे लागायला घडवलेल्या कुत्र्यांशी विशेष जपून. तुमचा कुत्रा दारापाशी तासन् तास दबा धरून बसत असेल, खाऊकडेही बघत नसेल, तर प्रशिक्षकाची मदत घ्या. तरीही नाही जमलं तर पाळीपाळीने मोकळं सोडणं हाही संसारच.

चुकून जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. जाड चादर किंवा उशी टाकून वेगळं करा. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

रोजच्या तीन गोष्टी

मांजराचं खाणं उंचावर ठेवा. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज पुरत नाही. त्यात टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य, कमी पडलं की त्याचं हृदय आणि डोळे बिघडतात. लिटरचा ट्रे कुत्र्याचं तोंड पोचणार नाही असा ठेवा. कुत्रे त्यातलं काय खातात ते जेवताना वाचू नये म्हणून लिहीत नाही.

तिसरी गोष्ट जिवावरची आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. कुत्र्याला चाटून किंवा अंग घासूनही ते मांजराच्या अंगात जाऊ शकतं. घरात मांजर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, मगच औषध घ्या.

मनी आता वर्षाची होऊन गेली. दुपारी ती ढब्बूच्या गादीवर पसरते आणि ढब्बू फरशीवर. परवा काका चहाला आले होते, दोघांकडे बघून म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? होते सवय."