ऑफसाइडवरून भांडायला बसताय? आधी फ्रेम बघा

शनिवारी रात्री दहाची फुटबॉलची मॅच, गोल झाला, ओरडून झालं, आईने आतून हाक मारून झापून झालं आणि मग स्क्रीनवर पाटी, ऑफसाइड चेक चालू आहे. (ऑफसाइड म्हणजे पास निघताना खेळाडू समोरच्यांच्या हाफमध्ये बॉलच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असणं.) दोन मिनिटांनी गोल रद्द. लगेच ग्रुपवर कोणीतरी टीव्हीचा फोटो काढून त्यावर बोटाने लाल रेघ मारून टाकतो, बघा रे, डोळे फुटलेत काय यांचे. हे मीपण केलंय, लय वेळा केलंय आणि दरवेळी तोंडावर आपटलोय, म्हणून लिहितोय.

तर पहिलं म्हणजे ती बोटाची रेघ सोडा. टीव्हीचा कॅमेरा बहुतेक वेळा डिफेंडरच्या रेषेत नसतो, वरून तिरका असतो, त्यामुळे कोण पुढे कोण मागे यात डोळा सरळ फसतो. गवताचे पट्टे दिसत असतील तर थोडा अंदाज येतो पण तोही पायांपुरता. स्ट्रायकर वाकून पळतोय, खांदा पुढे हवेत आहे, मग त्या खांद्याखाली जमीन नेमकी कुठली? गवंडी ओळंबा सोडतो ना, तसं खांद्यापासून सरळ खाली यावं लागतं आणि मग आडवी रेघ. व्हीएआरवाले, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारे, कॉम्प्युटरवर हेच करतात. आपल्या फोटोत ओळंबाच नसतो.

मग शरीराचा कुठला भाग धरलाय ते बघा. हात मोजत नाहीत, गोलकीपरचेही नाहीत. हात कुठून सुरू होतो, तर काखेच्या खालच्या टोकापासून, म्हणजे त्याच्या वरचा खांदा मोजला जातो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2019 ला व्हीएआर आला आणि पहिल्याच आठवड्यात वेस्ट हॅमविरुद्ध स्टर्लिंगच्या खांद्यावरून मँचेस्टर सिटीचा गोल गेला, नोव्हेंबरात ॲस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या फर्मिनोची काख ऑफसाइड निघाली. आणि 2020 ला लीड्सचा बॅमफर्ड, बिचारा हात लांब करून पास कुठे टाक ते दाखवत होता, त्याच हाताचा काखेच्या वरचा भाग नडला! नियमाने बरोबर असेल, पण हसायला येतंच.

आता खरा मुद्दा, फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक थांबलेलं चित्र. ऑफसाइड बघायचा तो पास देणाऱ्याचा पाय बॉलला पहिल्यांदा लागला त्या क्षणाचा. साधा ब्रॉडकास्ट कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेतो असं धरा, स्ट्रायकर फुल स्पीडमध्ये सेकंदाला 10 मीटर पळतोय, म्हणजे एका फ्रेममध्ये 20 सेंटिमीटर सरकला, वर डिफेंडर उलट्या दिशेने बाहेर येत असेल तर फरक अजून वाढला. मग बोटभर ऑफसाइडवर छातीठोक कसं बोलणार? म्हणूनच 2021-22 च्या सीझनपासून प्रीमियर लीगमध्ये रेघा जाड केल्या, दोन्ही एकमेकींवर आल्या तर गोल. घरी बघायचं तर लॅपटॉपवर यूट्यूब लावा, व्हिडिओ पॉज करा, कीबोर्डवरचा पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढे, स्वल्पविराम दाबला की एक मागे. मित्राने रेघवाला फोटो टाकला की रेघ बघूच नका, बॉल बघा. आमच्यातल्या एकाच्या फोटोत बॉल पास देणाऱ्याच्या बुटापासून चांगला हातभर पुढे गेलेला होता, तेवढं दाखवल्यावर साहेब डायरेक्ट ऑफलाइन.

कतारच्या 2022 वर्ल्ड कपला तर बॉलमध्येच सेन्सर होता, सेकंदाला 500 वेळा डेटा, स्टेडियमच्या छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 पॉइंट. पहिल्याच मॅचला तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल रद्द, सगळं जग बोंबललं, मग ॲनिमेशनमध्ये त्याच्याच टीममधल्या एस्ट्राडाचा पाय पुढे दिसला. प्रीमियर लीगमध्ये सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे कॅमेरे आणि कॉम्प्युटरच रेघ काढून देतात ते तंत्र, एप्रिल 2025 ला आलं, त्यामुळे आता रेघेवर डोकं फोडण्यात फार दम नाही.

आणि रेघ चुकली की माणूस चुकला हे वेगळं करायला शिका. सप्टेंबर 2023, स्पर्सविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल. लाईन्समनने ऑफसाइड दिला, व्हीएआरच्या खोलीत तो ऑनसाइड निघालाही, पण तिथल्या माणसाला वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून चेक पूर्ण म्हणून मोकळा झाला आणि खेळ चालू. नंतर ऑडिओ बाहेर आला तो ऐकताना अंगावर काटा येतो (मी लिव्हरपूलवाला, समजून घ्या).

मनसोक्त भांडायचं असेल तर अडथळ्यावर भांडा, तिथे कुठलाच सेन्सर उत्तर देत नाही. जानेवारी 2023 ची मँचेस्टर डर्बी काढा, सिटी विरुद्ध युनायटेड. युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइड होता यात वादच नाही, तो बॉलच्या मागे पळत राहिला, स्पर्श केला नाही आणि मागून त्याच्याच टीमच्या ब्रुनोने येऊन गोल मारला. नियम विचारतो, समोरच्याला बॉल खेळण्यात अडथळा झाला का? माझ्या मते शंभर टक्के झाला, सिटीचा गोलकीपर एडरसन बघत कोणाकडे होता? मामेभाऊ युनायटेडवाला, त्याचं एकच, टच केला का, नाही ना, मग झालं. त्याला नियमातली अडथळ्याची ओळ मोबाईलवर काढून दाखवली तर म्हणतो, झेंडा वर होता तरी रेफ्रीने गोल दिला, तू काय रेफ्रीचा बाप लागून गेलास?