फिट आल्यानंतरचा एमआरआय : घरच्यांनी कोणती तयारी करावी

फिट थांबून रुग्ण शुद्धीवर आला आणि डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, की घरच्यांचे सारे लक्ष तपासणीची तारीख आणि खर्च यांकडे लागते. त्याआधी फिट किती वाजता सुरू झाली, किती मिनिटे चालली आणि पुरती शुद्ध केव्हा आली, हे तारखेसह कागदावर लिहून काढावे व तो कागद तपासणीच्या वेळी रेडिओलॉजिस्टच्या हाती द्यावा.

फिट लांबली किंवा लागोपाठ आल्या, तर मेंदूचा तो भाग काही काळ सुजतो आणि एमआरआयमध्ये पांढरट दिसतो. विषाणूंमुळे होणारा किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटल्याने होणारा दाहदेखील पुष्कळदा तसाच दिसतो. हे दोन्ही बदल कानशिलाच्या आतल्या टेम्पोरल लोबमध्ये वारंवार आढळतात, त्यामुळे वेळेची नोंद नसेल तर अनुभवी डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. निव्वळ फिटमुळे आलेली सूज बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय सांगितला, तर तो वायफळ खर्च समजून टाळू नये.

मात्र फिटबरोबर ताप असेल, काही दिवसांपासून रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा त्याचे वागणे एकाएकी बदलले असेल, तर तारखेची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. हर्पिस या विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची शंका आली, तर अहवाल हाती येण्यापूर्वीच असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात, कारण उशिराची किंमत फार मोठी असते. अशा वेळी पाठीतून पाणी काढण्याच्या तपासणीला नातेवाइकांनी केवळ भीतीपोटी नकार देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे मेंदूतली क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ हीदेखील फिटची नेहमीची कारणे आहेत. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसावे म्हणून शिरेतून देण्याचे औषध, दिल्यावर या गाठींभोवती कडे उमटते, आणि अळी मरू लागली की तिच्याभोवतीची सूज वाढून फिट येते. त्यामुळे जंताचे औषध दुकानातून परस्पर आणून देऊ नये. कॉन्ट्रास्टपूर्वी मूत्रपिंडाचा आजार, पूर्वीची अ‍ॅलर्जी आणि गर्भारपण यांविषयी सांगावे; पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली धातूची वस्तू असल्यास तारीख घेतानाच कळवावे.

के. ई. एम., सायन किंवा नायर रुग्णालयाच्या न्यूरोलॉजी ओपीडीत जाताना जुन्या फिल्म आणि सीडी आठवणीने न्याव्यात, कारण निदान बहुतेकदा जुन्या आणि नव्या चित्रांच्या तुलनेतूनच होते. पावसाळ्यात ते पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. रुग्णाला लोकलने एकटे पाठवू नये, दारात उभे राहू देऊ नये आणि फलाटाच्या कडेपासून दूर ठेवावे. वाटेत फिट आलीच, तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तपासणीसाठी उपाशी राहायला सांगितले असले, तरी फिटची सकाळची गोळी मनाने चुकवू नये. ती घोटभर पाण्याबरोबर द्यावी का, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. अहवाल नॉर्मल आला तरीही ही गोळी त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.